अकरावीची भट्टी

मी जन्मभर फक्त मुलग्यांना केमिस्ट्री शिकवली, असं सांगितलं की बायका माझ्याकडे हळहळून बघतात. पुण्याच्या मावसबहिणीनं तर एकदा विचारलंच, "मारामाऱ्या फार होत असतील ना गं?" होत. पण मारामाऱ्यांनी मला कधी दमवलं नाही. दमवलं ते पोरांच्या उत्साहानं. एकदा त्यांच्या डोक्यात काही शिरलं, की अख्खा वर्ग तुमच्या मागे लागतो, डबा खाऊ देत नाही, खुर्चीला पाठ टेकू देत नाही. शेवटी तुम्ही वैतागून "करा काय करायचं ते" म्हणालात, की त्यालाच ते लेखी परवानगी समजतात. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. दुपारी झोपायला भरपूर वेळ आहे आणि झोप येत नाही. तो गोंगाट नाही ना.

आमची शाळा भिलाईच्या कडेला, कुरुदच्या बाजूला. खासगी, फक्त मुलांची, सहावी ते बारावी. निम्मी मुलं वसतिगृहात राहायची, निम्मी घरून यायची. नावात 'प्रिपरेटरी' हा शब्द होता, म्हणजे तयारीची शाळा. तयारी कसली, ते प्रत्येक पालक आपल्या मनानं ठरवायचा. कुणाला इंजिनिअरिंगची हवी असे, कुणाला फौजेची, आणि काहींना फक्त पोरगं दिवसभर घराबाहेर हवं असे. तेही मी समजू शकते.

बाहेरच्यांना वाटतं, शिकवणं म्हणजे फळ्यासमोर उभं राहून बोलणं. बोर्डिंग शाळेत खरी नोकरी संध्याकाळी सुरू होते. 'प्रेप' म्हणजे रोजच्या अभ्यासाचा तास. मुलं बाकांवर, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून एक शिक्षक. तिथं डोळ्यांपेक्षा कान लागतात. थोडी कुजबुज, पेन्सिल पडल्याचा आवाज, कुणाची तरी जांभई, हे सगळं असलं म्हणजे अभ्यास चालू आहे. अगदी चिडीचूप झालं की समजावं, काहीतरी शिजतंय. एका वर्षी खरोखरच शिजत होतं. मागच्या बाकावर, इलेक्ट्रिक किटलीत, अंडी. मी उठून जाईपर्यंत ती उकडली होती, म्हणून मीठ मागवलं. आता वाया कशाला घालवायची?

माझे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये नोकरीला आले आणि मी इथल्याच सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढले. घरात मराठी, दाराबाहेर पडलं की हिंदी. शाळेतही तेच. मराठी घरांतली मुलं दिवसभर माझ्याशी हिंदीत बोलायची. मात्र काही बिनसलं की हळूच जवळ येऊन म्हणायची, "मॅडम, मले वाचवा ना." 'मले' ऐकलं, की प्रकरण गंभीर आहे हे मला कळायचं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या शाळेत एक प्रथा होती, 'अकरावीचं काम'. दहावीला बोर्ड, बारावीला बोर्ड, मधलं अकरावीचं वर्ष तेवढं मोकळं. आमच्या पहिल्या प्राचार्यांनी ठरवून टाकलं होतं, की त्या वर्षी अख्ख्या वर्गानं मिळून स्वतःच्या हातांनी एक गोष्ट करायची. पुस्तकात नसलेली, आणि ती जमेलच असं शिक्षकालाही सांगता येणार नाही अशी. मग एका रविवारी ती सगळ्यांसमोर मैदानावर करून दाखवायची. ज्याला वाटेल त्यानं प्रश्न विचारायचे आणि मुलांनी उत्तरं द्यायची. शिक्षकासाठी नियम एकच होता, 'हात मागे'. शिक्षकानं प्रश्न विचारावेत, धोका दिसला तर ओरडावं, पण वस्तूला हात लावायचा नाही. कामाच्या दिवसांत मी दोन्ही हात पाठीमागे बांधून अशी काही फिरायचे, की सहावीची मुलं माझी नक्कल करायची.

एका वर्षीच्या मुलांनी मैदानात सूर्यघड्याळ बांधलं. ते इतकं नीट जमलं की त्यांनी शाळेच्या घंटेवरच आक्षेप घेतला. सूर्याच्या हिशेबानं आपल्याला रोज सकाळी लवकर उठवलं जातं, तेव्हा घंटा पुढे ढकला, असं त्यांचं म्हणणं. प्राचार्यांना त्याचं उत्तर द्यायला भूगोलाच्या सरांना बोलवावं लागलं. दुसऱ्या एका वर्षी प्लास्टिकच्या पिंपांची होडी झाली. ती शिवनाथ नदीत काठापासून वावभर अंतरावर बुडाली, आणि बुडण्याचं कारण त्या पोरांनी इतकं सुरेख समजावलं की पालकांनी टाळ्या वाजवल्या.

पण नंतर भिलाईची हवा बदलली. कोचिंग क्लासचे फलक दुर्गच्या स्टेशनापासून थेट आमच्या फाटकापर्यंत येऊन पोचले. 'डमी' नावाचा प्रकार सुरू झाला. म्हणजे नाव शाळेच्या हजेरीत आणि पोरगं दिवसभर क्लासमध्ये. काही मुलं मला आज फक्त नावानं आठवतात, चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. शिकवायची होती, आणि शिकवता आली नाहीत.

आणि एका वर्षी पालकसभेत गजभिये साहेब उभे राहिले. प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसचे अधिकारी. ब्लास्ट फर्नेस म्हणजे दगडाचं लोखंड करणारी ती प्रचंड उंच भट्टी. शिस्तीचा माणूस, घराण्यातला पहिला इंजिनिअर. त्यांचा मुलगा आदेश आमच्या अकरावीत होता. माझा सगळ्यात भांडखोर विद्यार्थी. उत्तरपत्रिका परत दिली की अर्ध्या मार्कासाठी स्टाफरूमच्या दारात उभा.

साहेब म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. पण माह्या पोराले मी इथं माती कालवायले नाही टाकलं. ते कोचिंगवाले शाळेतच येऊन शिकवाले तयार आहेत. अकरावीचं हे काम बंद करा आणि तो वेळ त्यायले द्या."

अर्ध्याहून जास्त हात वर गेले. शाळेचे चेअरमन साहेब म्हणजे भला माणूस, पण हात मोजणारा. ते म्हणाले, "देखिए, इस साल का काम हो जाने दीजिए. सबके सामने कुछ ढंग का निकला तो परंपरा रहेगी. नहीं निकला, तो जनवरी से कोचिंग वाले सर आएँगे. ठीक है?"

सगळ्यांना ठीक होतं, मला सोडून. पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर आदेश बाकावर उभा होता. वर्ग पेटलेला. त्यानं माझ्याकडे वळून सांगितलं, "मॅडम, हम लोहा बनाएँगे."

"बनाएँगे म्हणजे?"

"दगडापासून. इथं, मैदानात. आपली भट्टी बांधून." आणि मग मराठीत, "पप्पा रोज बनवतेत. आमी एक दिवस बनवून पाहू ना!"

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आख्खं शहर लोखंडावर जगतं. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी प्लांटच्या फाटकातून आत जातं. रात्री तिकडं भट्टीतली लालभडक वितळलेली मळी ओतली, की इकडं आमच्या अंगणातलं आभाळ लाल होतं. आणि इतकं असूनही आपल्या हातानं मूठभर लोखंड कुणी केलेलं नाही! मी विचारलं, "दगड कुठून आणणार?" मागच्या बाकावरून टिकेश देवांगन ओरडला, "मोर कका दल्ली तरफ ट्रक चलाथे, मैडम!" टिकेश कुरुदचा, वर्गातला सगळ्यात दणकट मुलगा. त्याच्या काकांचा ट्रक दल्लीच्या खाणींकडे जायचा. तिथले लाल दगड म्हणजे लोखंडाचं खनिज. रीतसर परवानगी काढून काकांनी पोतं भरून आणून दिलं.

ते दोन महिने मी जमिनीवर नव्हतेच. भट्टी मातीची, पोरांच्या छातीएवढी उंच. मातीत धानाचा भुसा कालवला, म्हणजे वाळताना तडे जात नाहीत. पहिली भट्टी तरी तडकलीच. दुसरी बैलानं शिंग घासून पाडली. कुरुदकडचे बैल आमच्या मैदानाला आपलं समजतात. तिसरी उभी राहिली, आणि ती नीट वाळायला बरेच आठवडे गेले. खाली एका बाजूला हवा आत सोडायची नळी, तिला कूलरच्या दुकानातून आणलेला ब्लोअर. दुसऱ्या बाजूला वितळलेलं बाहेर काढायचं तोंड, मातीनं लिंपून बंद केलेलं. वरून एक थर लाकडी कोळसा, एक थर कुटलेला दगड, पुन्हा कोळसा. आग कोळशाची, पण काम हवेचं. कोळशाचा वायू दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे लोखंड उरतं. पुस्तकात हे एका ओळीत आहे.

पोरांनी सगळं प्लांटसारखं केलं. कोळसा टाकणारे वेगळे, दगड टाकणारे वेगळे, ब्लोअरवाले वेगळे. कामाच्या पाळ्या होत्या, ए शिफ्ट, बी शिफ्ट. घरून हेल्मेटं आली, जाड हातमोजे आले, वाळूच्या बादल्या भरल्या. त्या लिंपलेल्या तोंडापासून पुढे जमिनीत त्यांनी एक लांब चर खणला आणि त्यात वाळू दाबली. लोखंड त्यातून वाहत येईल, टोकाला साच्यात पडेल आणि शाळेचं बोधचिन्ह तयार होईल. साचा बघून मी स्वतः टाळी वाजवली होती. कारण भिलाईत लोखंड म्हणजे काय? वाहणारं. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्यांनी ते बघितलंय. भट्टीचं तोंड फुटतं आणि पिवळाधमक ओढा धावत सुटतो. दुसऱ्या कुठल्या रूपात लोखंड जन्माला येतं, हा विचार या गावात कुणाच्या मनाला शिवत नाही.

तो रविवार थंडीचा होता. सकाळी पेटवली. जेवणाच्या वेळेपर्यंत भट्टीच्या माथ्यावर निळसर ज्वाळा हातभर उठत होती आणि ब्लोअर असा घुमत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. पालक आले. इस्त्रीचे कपडे, बायका साड्या नेसून, जणू लग्नाला. चेअरमन साहेबांना पुढच्या रांगेत सोफा. गजभिये साहेब कोट घालून आले होते. ते सोफ्यावर बसले नाहीत. लांबून, हाताची घडी घालून, ज्वाळेचा रंग बघत राहिले. त्यांची पापणी लवत नव्हती.

दुपार कलली तेव्हा आदेशनं हात वर केला. ब्लोअर मंद झाला. टिकेशनं लांब सळईनं तोंडाची माती फोडली.

आणि वाहिलं! लालपिवळं, जाडसर, वाळूच्या चरातून पुढे सरकत. काय तो आरडाओरडा! सहावीची मुलं नाचायला लागली, कुणाच्या तरी आईनं मला मिठी मारली, चेअरमन साहेब सोफ्यावरून उठले. माझे हात मागे होते, पण पाय उड्या मारत होते. पन्नाशी उलटलेली बाई, काय म्हणावं!

ओढा साच्यापर्यंत पोचलाच नाही. मध्येच थिजला, काळा पडला. गजभिये साहेब पुढे आले, वाकले, सळईनं एक तुकडा बाजूला ओढला. जरा थंड झाल्यावर बूट ठेवून दाबला. काचेसारखा फुटला. कुणीतरी लॅबमधला चुंबक आणला. तुकडा हलला नाही.

"स्लॅग आहे," ते म्हणाले. "नुसता स्लॅग." स्लॅग म्हणजे मळी. दगडातला निरुपयोगी भाग. लोखंड नव्हे.

टिकेशनं सळई तोंडात खुपसून फिरवली. थोडी मळी आणखी आली, मग काहीच आलं नाही. जानेवारी मला समोर दिसायला लागला, कोचिंगचे सर, त्यांचा माइक, आणि रिकामं मैदान.

पण ही भिलाई. पुढच्या मिनिटाला काय झालं, ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. रांगांमधून सगळे बाप उठले आणि भट्टीवर तुटून पडले! प्लांटच्या रोलिंग मिलचा कुणी, कोक ओव्हनचा कुणी, कुणी निवृत्त फोरमन. "हवा कम है!" "अरे हवा नहीं, चूना डालना था!" "ब्लोअर बढ़ाओ!" एकानं मुलाच्या हातातली सळई काढून घेतली, दुसऱ्यानं कोळशाचं घमेलं उचललं. गजभिये साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि थेट ब्लोअरच्या बटणाकडे निघाले. बाया मागून ओरडत होत्या, "अहो, नवा शर्ट!" पोरं हेल्मेटं घालून बाजूला ढकलली गेलेली, आपल्याच भट्टीपासून लांब.

आदेश ब्लोअरच्या पुढे जाऊन उभा राहिला. वडिलांच्या छातीपर्यंत येणारं पोरगं.

"पप्पा, हात मागं."

"काय?"

"हात मागं घ्या. इथं मोठ्यायनं हात लावाचा नाही. नियम आहे. मॅडम पन लावत नाहीत." मग वळून सगळ्या बापांना, हिंदीत, "अंकल लोग, प्लीज पीछे! सवाल पूछिए, छूना नहीं है!"

गजभिये साहेबांचा चेहरा उतरला, लाल झाला, मग मोठ्या मुश्किलीनं जागेवर आला. या माणसाच्या एका शब्दावर प्लांटमध्ये शेकडो माणसं हलायची. ते एक पाऊल मागे आले, आणि हात मागे घेतले. ते बघून बाकीच्यांनीही घेतले.

चेअरमन साहेबांनी सावरायचा प्रयत्न केला. "बच्चों का दिल मत तोड़िए, मैडम. भट्टी तो खड़ी है. अगले इतवार फिर कोशिश कर लेंगे. एक मौका और."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. एक मौका आणखी! ब्लोअर मोठा आणू, चुना घालू, लागेल ते करू.

"नाही सर," आदेश म्हणाला. "भट्टी तोड़नी है. अभी."

टिकेशच किंचाळला, "पगला गे हस का रे!" भट्टी फोडली की संपलं. नवी बांधून वाळायला पुन्हा तेवढेच आठवडे, आणि मध्ये सहामाही परीक्षा, मग जानेवारी. दुसरी संधी त्या मातीच्या भिंतींतच होती.

आदेश माझ्याकडे आला आणि मराठीवर आला. "मॅडम, लोखंड अंदर आहे. मी सांगून राहिलो ना, अंदर आहे!"

मी काय करायला हवं होतं? मनातून वाटत होतं, पोरा, गप बस, आठवडा मिळतोय तो घे. पण माझी सगळी नोकरी एकाच गोष्टीवर उभी होती, की मी हो किंवा नाही म्हणायचं नाही, विचारायचं. मी विचारलं, "कशावरून?"

त्यानं हेल्मेट काढलं. सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. त्यानं हिंदीत सांगितलं ते मी मराठीत सांगते. मळी वाहिली म्हणजे मळी वितळण्याइतका ताप भट्टीत होता, बाराशे अंशांच्या आसपास. शुद्ध लोखंड वितळायला पंधराशेच्या वर लागतो. तेवढा ताप आपल्या भट्टीत नव्हताच. मग लोखंड वाहणार कसं? ते झालं असेल, पण घट्टच राहून तळाशी बसलं असेल. आणि आत गेलेल्या दगडाच्या मानानं बाहेर आलेली मळी फारच थोडी आहे. बाकीचं कुठं गेलं?

"मंग प्लांटमध्ये कसं वाहते?" गजभिये साहेबांनी विचारलं. हात मागेच होते. परीक्षकाचा आवाज, बापाचा नव्हे. "तिथं बी लोखंडच आहे ना?"



आदेश बाण सुटावा तसा बोलला. "तिथं भट्टी खूप उंच आहे, पप्पा! लोखंड कितीतरी वेळ कोळशातून खाली येते. कार्बन पीत पीत येते. कार्बन असला की ते कमी तापातच वितळते, म्हनून वाहते. आमची भट्टी एवढीशी. त्याले कार्बन प्याले टाइमच नाही भेटला!"

ते बरोबर होतं. साहेबांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते बरोबर आहे, आणि हेही कळलं की इतकी वर्षं ते रोज ज्याच्या शेजारी उभे राहिले, त्याचा असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. माझाही तोच प्रकार. कार्बननं लोखंडाचा वितळणबिंदू उतरतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. आणि तरी साच्याकडे बघून टाळ्या पिटल्या होत्या!

पण पटलं म्हणजे खरं असतंच असं नाही. आत नुसते अर्धवट जळालेले दगडही असू शकतात. मी पुढचा प्रश्न विचारला, जरा दुष्टपणेच. "आणि नसलं तर?"

"तर नाही म्हनून सांगू मॅडम. होडी नाही का बुडाली होती?"

त्यानं वर्गाकडे पाहिलं. "तोड़ें?"

कुणी हात मोजले नाहीत. टिकेशनं एकदा भट्टीकडे बघितलं. तिची माती त्यानंच सगळ्यात जास्त तुडवली होती. "ए दाई!" असं आईला हाक मारल्यासारखं म्हणाला, आणि सब्बल, म्हणजे पहार, उचलली.

पहिल्या घावात भिंत हलली, दुसऱ्यात तडा गेला, तिसऱ्यात अर्धी बाजू कोसळली. निखाऱ्यांचा लोंढा बाहेर आला. मी "मागे! मागे व्हा!" ओरडले, तेवढाच माझा अधिकार होता. पोरांनी लांब दांड्याच्या फावड्यांनी निखारे बाजूला सारले. धूर, राख, ठिणग्या. तळाशी, हवेच्या नळीखाली, काहीतरी चिकटून बसलं होतं. वेडंवाकडं, खडबडीत, नारळापेक्षा थोडं मोठं, आतून केशरी धगधगणारं.

"दगड दिसते," मागून कुणीतरी म्हणालं.

"चुंबक लगाओ!" चेअरमन साहेब ओरडले. ते कधी सोफा सोडून माझ्या शेजारी आले, मला कळलंही नव्हतं.

"नहीं सर, गरम लोहे को चुंबक नहीं पकड़ता," वर्गातली चार-पाच पोरं एका सुरात म्हणाली. अहो, मी त्या क्षणी आकाशात होते! हा पाठ मीच घेतला होता आणि मला वाटलं होतं, तेव्हा कुणी ऐकत नव्हतं.

लांब सांडशीनं दोघांनी तो गोळा उचलला. वजनानं त्यांचे हात खाली गेले. एका दगडी शिळेवर ठेवला. आदेशनं दोन्ही हातांनी घण उचलला. दगड किंवा मळी असेल तर फुटेल, तुकडे उडतील, आणि सगळं संपेल. एवढी साधी परीक्षा होती. मी सगळ्यांना आणखी मागे ढकललं. गजभिये साहेब हलले नाहीत. त्यांचे हात पाठीमागे होते, पण एकमेकांत इतके घट्ट अडकवलेले की बोटं पांढरी पडली होती.

घण पडला.

ठिणग्या उडाल्या, थोडी मळी निखळली, आणि गोळा चेपला. फुटला नाही! लाल मऊ चेपला, कणकेच्या गोळ्यासारखा.

आवाज वेगळाच होता. मैदानावर उभ्या असलेल्या त्या सगळ्या बापांनी तो ओळखला. जन्मभर त्या आवाजात काम केलेली माणसं ती. कुणीही काही बोलण्याआधी त्यांच्या तोंडातून एकच हुंकार निघाला.

"लोहा!" टिकेश ओरडला. "लोहा हे रे! लोहा!"

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली होती. मी रडत होते, हे मला फोटो बघून कळलं. आदेशनं दुसरा घाव घातला, तिसरा घातला, आणि दर घावाला मैदान मोजत होतं. गजभिये साहेब पुढे आले. त्यांनी मुलाला जवळ घेतलं नाही की पाठ थोपटली नाही. खाली वाकून तो चेपलेला गोळा बघत राहिले. राखेचा धूर डोळ्यांत जात होता तरी मान वळवली नाही.

"मी जन्मभर लोखंड वाहताना पाह्यलं," ते म्हणाले, मला की स्वतःला कुणास ठाऊक. "बसलेलं आज पाह्यलं." आणि त्यांनी हात पुढे केला. "दे रे. मले एक मारू दे."

आदेशनं घण मागे घेतला. "पप्पा, लाइनमधी या."

मी वळून पाहिलं, आणि खरोखरच रांग लागली होती. सहावीची मुलं, कोक ओव्हनवाले, रोलिंग मिलवाले, निवृत्त फोरमन, आपला एक घाव घालायला. जानेवारीचं काय, हे मी विचारणारच होते. पण गजभिये साहेब पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरसावत मुकाट्यानं रांगेच्या शेवटी गेले, सहावीतल्या एका फूटभर पोराच्या मागे, आणि त्यांच्यामागे, हातातला चहाचा कप कुणाच्या तरी हातात देऊन, चेअरमन साहेब उभे राहिले.